वडीलधाऱ्यांचा शब्द : मुळशीच्या चावडीपासून आजपर्यंत

हल्लीं कोणत्याही सुशिक्षित कुटुंबांत दुपारच्या वेळीं गेलें असतां एक दृश्य हटकून दृष्टीस पडतें. मुलगा-सून कामावर गेलेलीं असतात, नातवंडें शाळेंत असतात, आणि घरांतील आजोबा खिडकीजवळच्या खुर्चींत बसून हातांतील मोबाइलवर कांहीं वाचीत असतात. देशाचें काय होणार, भाषेचें काय होणार, अमुक पुढाऱ्यानें तमुक ठिकाणीं काय म्हटलें, या सर्व प्रश्नांचा परामर्श त्या वीतभर कांचेवर घेतला जातो, आणि आवडलेला मजकूर तत्काळ पांचपन्नास इष्टमित्रांकडे रवाना होतो. सायंकाळीं मुलगा घरीं येतो, आणि "बाबा, तुम्हीं पुन्हां तसलंच काहीतरी पुढं पाठवलंत ना?" असा प्रश्न करतो. घरांत थोडें हसूं होतें. म्हातारा ओशाळतो; पण दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुन्हां तेंच. या व्यवसायाला ‘व्हॉट्सॲप विद्यापीठ’ असें उपहासाचें नांवही पडलें आहे.

हा उपहास मला नेहमींच थोडा उतावळा वाटत आला आहे. वृद्ध माणसानें सार्वजनिक गोष्टींत तोंड घालावें कीं नाहीं, आणि घातल्यास त्याच्या बोलण्याला किती मोल द्यावें, हा प्रश्न मोबाइलबरोबर जन्माला आलेला नाहीं. तो आपल्याकडे वर्तमानपत्राइतका तरी जुना आहे. त्याचा विचार करण्यास मला जें निमित्त मिळालें तें आधीं सांगतों.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटास मुळशी तालुक्यांतील माले या गांवीं जाण्याचा योग आला. पुण्याहून पश्चिमेस पौड ओलांडून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी धरणाच्या निकट हें गांव आहे. धरण तुडुंब भरलेलें होतें आणि खाचरांतील भात पिवळा पडूं लागला होता. रस्त्याच्या कडेला चहाच्या दुकानापुढील बांकावर चार-पांच वृद्ध मंडळी बसली होती. त्यांतल्या एकाच्या हातीं मोबाइल होता. तो एक लांबलचक मजकूर मोठ्यानें वाचून दाखवीत होता व बाकीचे ऐकत होते. विषय धरणाच्या पाण्याचाच होता. मध्येंच एकजण म्हणाला, "आरं थांब, हे लिवलंय कुणी ते सांग आधी." वाचणाऱ्यानें मजकूर खालपासून वरपर्यंत पाहिला आणि तो म्हणाला, "नाव नाय बा."

"मग फुडं काय वाचतो?" असें म्हणून विचारणाऱ्यानें विडी पेटविली. मी तेथून उठलों खरा, पण तो प्रश्न कांहीं केल्या मनांतून जाईना. कारण ज्या भूमींत तो विचारला गेला, त्या भूमींत शंभर वर्षांपूर्वीं म्हाताऱ्यांच्या शब्दाची मोठी परीक्षा झालेली आहे.

त्या काळची स्थिति प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. १९२१ च्या खानेसुमारींत सबंध हिंदुस्थानांत शेकडा सातांच्या आसपास माणसें साक्षर निघालीं. मावळांतील खेड्यांत, व त्यांतही साठी उलटलेल्या माणसांत, हें प्रमाण काय असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. असें असूनही त्या काळच्या खेड्याला राजकारण ठाऊक नव्हतें असें मात्र नाहीं. वर्तमानपत्र ही वस्तु तेव्हां डोळ्यांनीं वाचण्यापेक्षां कानांनीं ऐकण्याचीच अधिक होती. मंगळवारचा ‘केसरी’ गांवांत एकाच्याच नांवें येई. शाळामास्तर, कुळकर्णी किंवा शहरांतून सुटींत आलेला एखादा विद्यार्थी तो चावडीवर किंवा देवळाच्या ओट्यावर वाची, आणि भोंवतीं मंडळी बसे. त्या मंडळींत पुढची जागा अर्थातच वडीलधाऱ्यांची. वाचणारा वयानें लहान आणि ऐकणारे मोठे, असा हा उलटा वर्ग असे. यामुळें वाचणाऱ्याला पदोपदीं थांबवून ‘म्हणजे काय?’ असें विचारण्याचा अधिकार ऐकणाऱ्यांना आपोआप मिळे. बातमी गांवांत शिरे ती अशी म्हाताऱ्यांच्या जकातनाक्यावरून शिरे.

दुसरी गोष्ट कायद्याची. १८६७ च्या कायद्यानें प्रत्येक छापील कागदावर तो कोणीं व कोठें छापला हें देणें सक्तीचें झालें होतें. सरकारनें हा निर्बंध घातला तो कांहीं लोकांच्या कल्याणासाठीं नव्हे. लिहिणाऱ्याची मान वेळ पडल्यास हातीं सांपडावी म्हणून. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला कीं, चावडीवर ऐकलेल्या प्रत्येक शब्दामागें एक नांव असे, आणि त्या नांवाच्या माणसाला त्या शब्दापायीं तुरुंगांत जावें लागूं शकतें हेंही श्रोत्यांना माहीत असे. टिळकांच्या शब्दाला जें वजन होतें त्यांतला कांहीं भाग मंडालेचा होता, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

आतां मुळशीकडे वळूं. मुंबईच्या गिरण्यांना दगडी कोळशाऐवजीं सह्याद्रीच्या पाण्यावर निर्माण केलेली वीज पुरवावी, या योजनेला टाटांनीं लोणावळ्याच्या तळ्यांपासून आरंभ केला, आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजगृह सुरू झालें. पुढें १९१९ सालीं टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि तिनें नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचें ठरविलें. घांटमाथ्यावर पाणी अडवावें, तें डोंगराच्या पोटांतून पश्चिमेस कोंकणांत भिरा येथें सोडावें आणि त्या उतारावर वीज काढावी, अशी योजना. कल्पना भव्य होती यांत संशय नाहीं. परंतु पाणी जेथें सांचावयाचें तेथें पन्नासच्या आसपास गांवें होतीं, सुमारें दहा-अकरा हजार माणसें राहत होतीं, आणि ज्या आंबेमोहोर तांदळाचें पुण्याच्या पंक्तींना कौतुक, त्याचीं खाचरें होतीं. १८९४ च्या भूमिसंपादनाच्या कायद्यान्वयें सरकारनें ही जमीन एका खाजगी कंपनीकरितां ‘सार्वजनिक काम’ या नांवाखालीं घ्यावयाची होती.

मोजणीदारांच्या खुणा शेतांत दिसूं लागल्या तेव्हां पेट्यांतील लोकांना या गोष्टीचा पुरता उमज पडला. तरुण मनुष्याला, वाईट काळ आलाच, तर मुंबईची गिरणी किंवा गोदी तरी होती. साठीच्या मावळ्यानें कोठें जावयाचें? जमीन ही त्याच्या लेखीं उत्पन्नाची बाब नव्हती. त्याच्या वाडवडिलांचे दगड व ग्रामदैवताची पांढर त्याच भूमींत होती. मोबदल्याचे पैसे त्याच्या हातीं पडले तरी त्यांचें काय करावें हें त्याला कोणीं शिकविलेलें नव्हतें. म्हणून ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा निघाली तेव्हां ती तरुणांच्या तोंडीं शोभली असली तरी तिचा शब्दशः अर्थ म्हाताऱ्यांनाच लागूं होता.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, शेंकडों मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलें. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदि मंडळी पुढें होती. याच लढ्यांत बापटांना ‘सेनापति’ हें नांव चिकटलें तें कायमचें. महात्मा गांधींनीं त्याच महिन्यांत ‘यंग इंडिया’तून या चळवळीविषयीं सहानुभूतीनें लिहिलें. कंपनीनें कांहीं महिने काम बंद ठेवलें. पुढें १९२१ च्या डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह सुरू झाला, धरपकड झाली, शिक्षा झाल्या. १९२४ च्या अखेरीस बापटांनीं धरणाच्या कामावरची रेलगाडी अडवून सशस्त्र प्रतिकार केला आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें. इतिहासाचीं बाह्य अंगें एवढींच. तीं पुष्कळांना ठाऊक आहेत.

मला येथें पहावयाचें आहे तें निराळें. या तीन-चार वर्षांत मुळशीसंबंधानें पुण्याच्या पत्रांतून अपार मजकूर छापून आला. लेख आले, सभांचे वृत्तांत आले, खुलासे व प्रतिखुलासे आले. त्यांत मुळशीच्या म्हाताऱ्या कुळाचा शब्द किती होता? जवळ जवळ नव्हताच. त्याला लिहितां येत नव्हतें. त्याच्या वतीनें इतर लिहीत होते. आणि हे ‘इतर’ सर्व एका हिताचे नव्हते, यांतच पुढील दुर्दैवाचें बीज होतें. पेट्यांतील पुष्कळ जमीन गहाणानें व खरेदीनें पुण्याच्या सावकारांकडे गेली होती. कागदावर जमीनदार ते, आणि राबणारा व राहणारा कूळ निराळा. सावकाराच्या दृष्टीनें मोबदला वाढवून मिळाला म्हणजे लढा जिंकला. कुळाच्या दृष्टीनें मोबदला हीच हार. प्रारंभीं दोघांची भाषा एकच होती, म्हणून हा भेद झांकून राहिला. पुढें वाढीव दराच्या गोष्टी निघाल्या तसतसा शहरांतील आवाज मंदावत गेला, आणि धरणाच्या चरांत बसलेला कूळ व त्याच्याबरोबर राहिलेले थोडे कार्यकर्ते एकाकी पडले. डॉ. राजेंद्र व्होरा यांनीं मुळशी सत्याग्रहावरील आपल्या ग्रंथांत हें प्रकरण साधार मांडलें आहे. जिज्ञासूंनीं तें मुळांतूनच पहावें.

ज्याला लेखणी नाहीं त्याला आपलें म्हणणें मांडण्यास एकच साधन उरतें, आणि तें म्हणजे त्याचा देह. मुळशीच्या मावळ्यांनीं तेंच वापरलें. धरणाच्या कामावर जाऊन बसणें, हलविलें तरी न हलणें, उचलून नेलें तर पुन्हां येणें, हीच त्यांची पत्रें आणि हेच त्यांचे अग्रलेख.

याच ठिकाणीं एका लिहिणाऱ्या वृद्धाची आठवण होते. शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म १८६४ सालचा, महाडचा. १८९८ सालीं त्यांनीं ‘काळ’ पत्र काढलें, आणि वक्रोक्तीचें असें शस्त्र मराठींत परजलें कीं, सरकारला त्याचा घाव तर लागे पण रक्त कोठून वाहतें तें पुष्कळ दिवस कळेना. अखेर १९०८ सालीं कळलें. राजद्रोहाबद्दल परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर १९१० सालीं सरकारनें दहा हजार रुपयांचा जामीन मागितला आणि ‘काळ’ बंद पडला. ज्याचें सारें सामर्थ्य शब्दांत, त्याचें पत्रच काढून घेतलें, आणि पुढें त्याच्या लेखांचे संग्रहही जप्त झाले. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर त्याचें खातें कायमचें बंद केलें. दहा वर्षांनीं त्यांनीं ‘स्वराज्य’ साप्ताहिक काढलें, पण ‘काळ’चा तो काळ गेलेला होता.

अशा माणसानें सत्तावन्न-अठ्ठावन्नाव्या वर्षीं काय करावें? सरकारी नोकर पंचावन्नाव्या वर्षीं निवृत्त होऊन आरामखुर्चींत पडे, असा तो जमाना. परांजपे मुळशीच्या सत्याग्रहांत गेले आणि १९२२ सालीं त्यांनीं सहा महिन्यांची सजा भोगली. हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत बहुधा दोन ओळींत आटोपतात. मला तो त्यांच्या कित्येक निबंधांहून मोठा वाटतो. आयुष्यभर ज्यानें लेखणीनें इतरांना हालविलें, तो म्हातारपणीं निरक्षर कुळांच्या शेजारीं जाऊन बसला आणि त्यांचेंच साधन त्यानें आपलें केलें. आपल्या शब्दाखालीं सही कशी करावयाची हें त्यांना अवगत होतें. १९२९ सालीं बेळगांवच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षस्थान त्यांना मिळालें आणि त्याच वर्षीं ते वारले.

वार्धक्यांत सार्वजनिक प्रश्नांना असे भिडणारे लोक महाराष्ट्रांत विरळ नाहींत. अण्णासाहेब कर्वे यांनीं १९४४ सालीं, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं, जातिभेद नाहींसा व्हावा म्हणून समता संघ काढला व त्याच्या प्रचारासाठीं ‘मानवी समता’ हें मासिकही चालविलें. त्या वयांत बहुतेकांचा वर्तमानपत्राशीं संबंध चष्म्यापुरता उरलेला असतो. सेनापति बापट १९५५ च्या मे महिन्यांत ना. ग. गोरे यांच्यासमवेत गोव्याच्या सत्याग्रहांत गेले तेव्हां ते पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते. पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतही ते होतेच.

बापट पारनेरचे. त्याच पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे ५ एप्रिल २०११ रोजीं दिल्लीस जंतरमंतरवर उपोषणास बसले, तेव्हां त्यांचें वय त्र्याहत्तर होतें. त्यांच्या मागण्यांविषयीं व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढील वाटचालीविषयीं कोणाचें मत कांहींही असो. एक गोष्ट त्या दिवसांत प्रथमच दिसली. उपोषणाला बसलेला माणूस जुन्या वळणाचा, खेड्यांतला, टोपी घालणारा; आणि त्याची वार्ता पसरविणारीं मुलें फेसबुकवरचीं, शहरांतलीं, त्याच्या नातवंडांच्या वयाचीं. लाखों लोकांनीं एका क्रमांकावर नुसती घंटी वाजवून आपला पाठिंबा नोंदविला. चावडीवर मूल वाची आणि म्हातारा ऐके. येथें म्हातारा बोलला आणि मुलांनीं तें जगभर वाचून दाखविलें. आणि अलीकडे, २०२४ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस, चौऱ्याण्णव वर्षांचे डॉ. बाबा आढाव विधानसभेच्या निवडणुकींतील पैशाचा वापर व मतदानयंत्रें यांविषयींच्या आक्षेपांसाठीं पुण्यांत महात्मा फुले यांच्या वाड्यांत तीन दिवस उपोषणास बसले. पक्षोपपक्षांचे पुढारी त्यांच्या भेटीस धांवले. हमालांची संघटना उभारणाऱ्या आणि ‘एक गांव एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्रभर हिंडलेल्या माणसाचें तें बसणें होतें. त्यांचें छायाचित्र त्या तीन दिवसांत ज्या वेगानें हातोहात फिरलें त्या वेगानें कोणताही अग्रलेख फिरला नसता.

परंतु कर्वे, बापट, आढाव हे झाले असामान्य. सर्व म्हातारे उपोषणास बसूं शकत नाहींत, आणि त्यांनीं बसावें असें कोणीं म्हणणारही नाहीं. आमच्या घरांतील खिडकीजवळच्या खुर्चीचा प्रश्न तसाच राहतो.

त्या खुर्चींत बसलेला मनुष्य तेथें कसा येऊन पोंचला हें पाहिलें म्हणजे उपहास थोडा निवतो. तो पस्तीस वर्षें कचेरींत किंवा शाळेंत होता. त्याच्या सहीला किंमत होती. निवृत्तीबरोबर ती गेली. एकत्र कुटुंबांत घरचा निर्णय त्याला विचारून होई. तें कुटुंब आतां दोन खोल्यांत व दोन खंडांत वांटलें गेलें आहे. संध्याकाळचा कट्टा आणि ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक एवढें उरलें होतें. २०१६ पासून मोबाइलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झालें आणि कट्ट्याची चर्चा खिशांत आली. नंतर २०२० च्या साथींत पासष्टीवरच्यांनीं घराबाहेर पडूं नये असा सल्ला सरकारनें दिला, आणि कट्टा मोडून नुसता खिसाच शिल्लक राहिला. अशा माणसाला ‘देशांत काय चाललें आहे तें मला कळतें, आणि मला त्याबद्दल कांहीं वाटतें’ हें सांगावयाचें असतें. तें सांगण्यास त्याच्याजवळ स्वतःचे शब्द नसले तर तो दुसऱ्याचे पुढें पाठवितो. परकी सभा असली तरी तो तेवढ्यापुरता सभेंत असतो.

यांत धोका नाहीं असें माझें म्हणणें नाहीं. अमेरिकेंत २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या काळांतील फेसबुकच्या वापराचा अभ्यास तेथील तीन विद्वानांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केला. पासष्टीवरील लोकांनीं अगदीं तरुण वर्गाच्या सुमारें सातपट खोट्या बातम्या पुढें पाठविल्या, असा त्याचा निष्कर्ष जगभर गाजला. परंतु त्याच अभ्यासांतील दुसरा आंकडा कोणी सांगत नाहीं. पासष्टीवरच्या लोकांपैकीं एकदां तरी खोटी बातमी पाठविणारे शेकडा अकराच होते. बाकीच्या एकोणनव्वदांनीं एकही पाठविली नाहीं. म्हाताऱ्यांविषयीं एक खोटी समजूत पसरविण्यास अर्धवट वाचलेला खरा आंकडाही पुरतो, हें यांतलें मौज वाटण्यासारखें आहे. आणि १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांना जमावानें ठेंचून मारलें, तेव्हां त्या अफवेचा प्रवास मोबाइलवरून झाला होता. ती पसरविण्यास वयाची अट लागली नव्हती. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें एक मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये, अशी मर्यादा हिंदुस्थानांत घातली.

मर्यादा संख्येला पडली; नांवाचा प्रश्न तसाच राहिला. चावडीवरच्या कागदाखालीं मुद्रकाचें नांव होतें, वाचणारा गांवचा होता, आणि चुकीचें वाचलें तर दुसऱ्या दिवशीं त्याला त्याच ओट्यावर बसावयाचें होतें. पुढें पाठविलेल्या मजकुराला आई-बाप नसतात. ज्यानें लिहिला तो अदृश्य आणि ज्यानें पाठविला तो म्हणतो, "मी काय, आलं ते पाठवलं." ज्या पिढीनें आयुष्यभर प्रत्येक कागदावर सही करून दिनांक घातला, त्या पिढीच्या हातून बिनसहीचा कागद इतक्या सहज सुटावा याचें मला राहून राहून आश्चर्य वाटतें. चाळीस वर्षें ज्यानें कनिष्ठ कारकुनाचें टिपण आधाराशिवाय पुढें जाऊं दिलें नाहीं, तो हेडक्लार्क हाच ना?

एक गोष्ट मात्र या नव्या साधनाच्या बाजूनें सांगितलीच पाहिजे, कारण ती १९२१ च्या कुळाला मिळाली नाहीं. या यंत्रांत लिहावें लागत नाहीं, बोलतां येतें. ज्या आजीला अक्षर लिहितां येत नाहीं ती बटण दाबून आपलें म्हणणें आपल्या आवाजांत पाठवूं शकते, आणि तें ऐकणाऱ्याला कोणाचें आहे हें सांगावें लागत नाहीं. आवाज हीच सही. मुळशीच्या म्हाताऱ्यांचें म्हणणें तीन-चार वर्षें इतरांच्या लेखणीनें लिहिलें गेलें व इतरांच्या सोयीनें आटपलें. त्यांच्याजवळ हें साधन असतें तर पुण्याच्या पत्रांना त्यांचा आवाज वजा घालून हिशेब मिटवितां आला असता कीं काय, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

मालेच्या त्या चहाच्या दुकानाकडे परततांना मी पुन्हां थांबलों. "कुणी लिवलंय" असें विचारणारे गृहस्थ ऐंशीच्या घरांतले होते. त्यांच्या आज्याची जमीन धरणांत गेलेली. मी रामराम करून शेजारीं बसलों आणि तो पाण्याचा मजकूर काय होता तें विचारलें. टाटांच्या धरणांचें पाणी कोंकणांत न सोडतां पूर्वेस भीमेच्या खोऱ्यांत वळवावें, ही मागणी पुणें-सोलापूर भागांत कित्येक वर्षें चालली आहे. त्याविषयींचाच तो लेख होता, आणि जातां जातां त्यांत मुळशी सत्याग्रहाचा इतिहास सांगितला होता.

"काय सांगितला होता, बाबा?" मीं विचारलें.

"आमी जिंकलो म्हून," ते म्हणाले. "जगातला पयला सत्याग्रह धरणाच्या इरोधातला, आन् तो जिंकला म्हून. गांधी सोता हितं आल्ते म्हून."

हाच मजकूर पूर्वींही एकदां आला होता, असें त्यांच्याकडून कळलें. सत्याग्रहास शंभर वर्षें पूर्ण झालीं तो १६ एप्रिल २०२१ चा दिवस. दोनच दिवस आधीं साथीमुळें राज्यांत कडक निर्बंध लागले होते. माणसें जमवून सभा भरविण्याची सोय नव्हती. ज्याला आठवण काढावयाची होती त्यानें ती मोबाइलवर काढली. त्या वेळीं या गृहस्थांनीं नातवाकडून यंत्र घेतलें, बटण कसें दाबावयाचें तें विचारून घेतलें, आणि गांवच्या गटावर आपला आवाज पाठविला. नातवाकडे तो अजून जपून ठेवलेला होता. बाबांनीं त्याला हांक मारली आणि त्यानें मला तो ऐकविला. आरंभीं घसा खांकरणें होतें. नंतर त्यांनीं स्वतःचें पूर्ण नांव, बापाचें नांव, आज्याचें नांव आणि ‘राहणार माले’ असें सांगितलें, जसें कोर्टांत साक्षीदार सांगतो तसें. मग एवढेंच: "आमी जिंकलो न्हाय. जमीन गेली. आज्या सांगायचा, बसलो, उठवलं, परत बसलो. पानी आलं तवा उठलो. ज्यांनी लिवलंय त्यांनी नाव सांगा, म्हंजी मी त्यांना हितं आणून दावतो कुठं काय व्हतं."

"मग कोणीं नांव सांगितलें का?" मीं विचारलें.

नातू हसला. त्या आवाजाखालीं कोणीं गुलाबाचें फूल टाकलें होतें, कोणीं हात जोडले होते, कोणीं ‘खूप छान माहिती’ असें लिहिलें होतें. आणि त्याच दिवशीं दुपारीं तो जिंकल्याचा मजकूर दुसऱ्या एका गटावरून फिरून पुन्हां त्याच गटावर आला होता. बाबांनीं तेव्हां पुन्हां यंत्र मागून घेतलें होतें, आणि नातवानें मला दाखविलें, त्याच्याही खालीं त्यांचा आवाज होता, पहिल्यासारखाच नांवापासून सुरू झालेला.